हस्तकला प्रदर्शनात विणकाम विकायचंय? आधी काय विणायचं ते ठरवा

माझ्या पहिल्या प्रदर्शनाला मी १४ प्रकारच्या २३ वस्तू घेऊन गेले होते. आठ महिन्यांचं काम होतं ते. टेबलाच्या मधोमध जाळीच्या विणीची शाल मांडली होती. एकट्या त्या शालीवर माझे दोन महिने गेले होते. दिवसभर लोक ती उलगडत होते, उजेडात धरत होते, सोबतच्या माणसाला हाक मारून दाखवत होते, "काय सुंदर काम आहे हो!" म्हणत होते आणि तितक्याच हळुवार हातांनी घडी घालून परत ठेवत होते. विकले गेले ते सहा हेअरबँड. टेबल भरलेलं दिसावं म्हणून शेवटच्या आठवड्यात उरल्यासुरल्या लोकरीतून विणलेले. सहाच्या सहा गेले आणि सातवा मागणाऱ्या बाईंना "संपले हो" सांगावं लागलं.

शालीत काही खोट नव्हती, माझी निवड चुकली होती. मला विणायला जे आवडतं त्याचीच मी विक्रीची यादी केली होती. त्यानंतर बरेच स्टॉल लावले आणि प्रत्येक वेळी यादी थोडी सुधारत गेली. हात बसलेला आहे, ओळखीचे लोक "विकत का नाहीस?" म्हणतात, पण टेबलावर नेमकं काय ठेवायचं ते कळत नाही, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. क्रमाने करत गेलात तर माझे आठ महिने तुमचे जाणार नाहीत.

१. आधी प्रदर्शन पाहून या

ज्या प्रदर्शनात स्टॉल लावायचा विचार आहे तिथे, किंवा तशाच दुसऱ्या प्रदर्शनात, एकदा गिऱ्हाईक म्हणून जा. खरेदी करू नका, नुसतं बघा. आत येणाऱ्यांपेक्षा बाहेर जाणाऱ्यांकडे लक्ष द्या. त्यांच्या हातातल्या पिशव्या केवढ्या आहेत? बहुतेकांकडे लहान पिशव्या दिसल्या, तर लोक छोट्या, चटकन घ्यायच्या वस्तू घेत आहेत. विणकामाचे आणखी किती स्टॉल आहेत, त्यांच्याकडे काय आहे आणि गर्दी कशापाशी थांबते, हे वहीत लिहा. तीन स्टॉलवर टोप्याच टोप्या असतील, तर चौथा टोप्यांचा स्टॉल लावून तुम्ही त्यांच्याशी स्पर्धाच करणार.

मग आयोजकांना विचारा:

- टेबल केवढं मिळणार? मागे भिंत किंवा लटकवायची सोय आहे का?
- मंडप उघड्यावर आहे की सभागृहात?
- एकाच प्रकारच्या स्टॉलच्या संख्येवर मर्यादा आहे का?
- आणून विकलेल्या मालाला परवानगी आहे का, की फक्त हाताने केलेलंच चालतं?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. यंत्रावर विणलेल्या टोप्या विकणारा शेजारी असेल, तर साध्या विणीच्या टोपीला तुमच्या तासांचा दाम मिळणं कठीण. तिथे लांबूनही हातकाम ओळखू येईल असं काहीतरी न्यावं लागतं.

आणि महिना पाहा. वाचताना हे क्षुल्लक वाटेल, पण मी स्वतः ऐन उन्हाळ्यातल्या प्रदर्शनाला मफलर घेऊन गेले आहे. गारठ्याच्या तोंडावर ऊबदार वस्तू, गरम दिवसांत सुती वस्तू. उन्हाळ्यात घाम पुसणाऱ्या माणसाच्या हातात लोकरीची टोपी देऊन पाहा, तो ती लगेच खाली ठेवतो.

२. टाके मोजा, तास काढा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. बहुतेक नवखे लोक इथेच घसरतात, कारण "साधारण दोन-तीन संध्याकाळी लागतात" यापलीकडे हिशोब कोणी करत नाही.

घड्याळ लावून पाच मिनिटं नेहमीच्या वेगाने विणा, टाके मोजा आणि पाचाने भागा. माझा आकडा मिनिटाला २५ टाके येतो. तुमचा २० असेल किंवा ३५, वाईट वाटून घेऊ नका. स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवरच्या हेझल टिंडल यांनी २००८ मध्ये ३ मिनिटांत २६२ टाके विणले होते, म्हणजे मिनिटाला सुमारे ८७. जगात सर्वांत वेगाने विणणाऱ्या म्हणून गाजलेल्या बाईंचा स्पर्धेतला हा वेग. तुमच्या-माझ्या हातून त्याच्या पाव-तिसरा हिस्सा होतो आणि हिशोब त्यावरच करायचा.

आता वस्तूचे टाके काढा. मध्यम जाडीच्या लोकरीत, १० सेंटीमीटरला २० टाके आणि २८ ओळी बसतात असं धरू.

मोठ्या माणसाची टोपी: ५० सेंटीमीटर घेर म्हणजे १०० टाके. ४५ फेऱ्या सरळ आणि वर १७ फेऱ्यांत टाके कमी करत माथा. एकूण साधारण ५,४०० टाके. मिनिटाला २५ ने ३ तास ३६ मिनिटं. टोकं आत लपवणं, धुऊन आकार देणं, लेबल शिवणं धरून चार तास.

हेअरबँड: ९२ टाके, २८ फेऱ्या, म्हणजे २,५७६ टाके. सगळं धरून सव्वादोन तास.

बिनबोटांचे हातमोजे, एक जोडी: सुमारे ४,००० टाके, सव्वातीन तास.

गोल मफलर, म्हणजे टोकं जोडलेला, डोक्यावरून गळ्यात घालायचा: १२० टाके, ७० फेऱ्या, म्हणजे ८,४०० टाके. सहा तास.

पायमोजे: बारीक लोकर, ६४ टाक्यांचा घेर, जोडीला १८,००० च्या आसपास टाके. बारा तास, आणि टाच वळवताना डोळे ताणले जातात ते वेगळंच.

मोठ्या माणसाचा साधा स्वेटर: धड, दोन बाह्या आणि खांदे मिळून सुमारे ५०,००० टाके. फक्त विणायलाच ३३ तास. म्हणजे एका स्वेटरच्या वेळात आठ टोप्या होतात.

हा कागद मी पहिल्यांदा लिहून काढला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. स्वेटरला आठ टोप्यांइतकी किंमत देणारं गिऱ्हाईक प्रदर्शनात क्वचित येतं. टोपी घेणारे आठ जण एका दुपारी भेटू शकतात.

जाड लोकर घेतली तर तास एकदम उतरतात. १० सेंटीमीटरला १२ टाके बसणाऱ्या लोकरीत तीच टोपी १,९०० टाक्यांत होते. जाड सुयांवर हात जरा मंद चालतो, तरी दीड-पावणेदोन तासांत सुईवरून उतरते. लोकर मात्र वजनाला जास्त लागते, तेव्हा वाचलेल्या तासांतून तो खर्च वजा करून बघा.

आता उलटा हिशोब. प्रदर्शन तेरा आठवड्यांवर आहे आणि आठवड्याला दहा तास मिळतात, म्हणजे १३० तास. त्यात १२ टोप्या (४८ तास), १६ हेअरबँड (३६ तास), हातमोज्यांच्या ८ जोड्या (२६ तास) आणि ३ गोल मफलर (१८ तास) बसतात. एकूण ३९ नग, १२८ तास. पहिल्या टेबलाला एवढा माल चांगला दिसतो. याच १३० तासांत स्वेटर चारही पुरे होत नाहीत.

३. मापात अडकू नका

लहान, मध्यम, मोठा, अतिमोठा अशी चार मापं आणि तीन रंग, म्हणजे एकाच नमुन्याचे १२ स्वेटर. तरीही समोरची व्यक्ती म्हणणार, "हाच निळ्यात माझ्या मापाचा आहे का?" आणि नेमका तोच नसणार. पायमोज्यांचं तसंच. दोन्ही वस्तू सुरुवातीला टेबलावरून काढून टाका.

टोपीचं बरं असतं. मोठ्या माणसांची डोकी बहुधा ५४ ते ५८ सेंटीमीटरच्या आत येतात आणि रिबची, म्हणजे उलट-सुलट टाक्यांच्या उभ्या पट्ट्यांची वीण ताणते. डोक्याच्या घेरापेक्षा टोपी पाचेक सेंटीमीटर लहान ठेवली की एकच माप बहुतेकांना बसतं. हेअरबँड, गोल मफलर, बिनबोटांचे हातमोजे यांनाही एक-दोन मापं पुरतात. मफलर, पिशवी, उशीचा अभ्रा, कोस्टर यांना अंगाच्या मापाचा प्रश्नच नाही.

बाळांच्या वस्तूंचं एक वेगळं आहे. नवजात बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटीमीटर असतं आणि पहिल्या वर्षात झपाट्याने वाढतं. तरी घेणारी व्यक्ती बहुतेकदा भेट म्हणून घेते, तिला बाळाचं वय ठाऊक असतं, डोक्याचं माप नसतं. म्हणून लेबलावर महिने आणि सेंटीमीटर दोन्ही लिहा. टोपड्यावर नुसतं "लहान" लिहिलंत तर "केवढं लहान?" हा प्रश्न दिवसभर ऐकावा लागेल.

४. यादी लावा: जाणाऱ्या, रेंगाळणाऱ्या, फक्त दाखवायच्या

माझ्या अनुभवातून सांगते. तुमच्याकडे थोडा फरक पडेल, पण क्रम फारसा बदलेल असं वाटत नाही.

हेअरबँड आणि टोप्या सर्वांत आधी जातात. दोन्ही जागच्या जागी घालून बघता येतात, म्हणून टेबलावर आरसा हवाच. आरशासमोर टोपी घातलेला माणूस दोनदा मान वळवतो आणि तिथेच निम्मा व्यवहार होतो. लोकरीचा गोंडा लावलेली टोपी जास्त उचलली जाते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. मात्र गोंडा बटणाने काढता येईल असा लावा, धुवायला सोपं जातं.

बिनबोटांचे हातमोजे मला फार प्रिय. थोडी लोकर लागते, जोडी भेट म्हणून शोभते, आणि मोबाईल वापरता येतो हे सांगितलं की तरुण मुलं थांबतात.

सुती कापडासारखे विणलेले चौकोन, अंघोळीचे किंवा ओटा पुसायचे, स्टॉलचा कणा आहेत. एकेकट्याला भाव येत नाही. तीन-तीन दोऱ्याने बांधून ठेवा, भेटवस्तू होते. गरम महिन्यांतल्या प्रदर्शनात माझी भवानी बहुतेकदा यांच्यावरच होते.

सरळ लांब मफलर रेंगाळतात. विणायला सोपे म्हणून प्रत्येक नवखी व्यक्ती तेच आणते आणि गिऱ्हाइकाच्या घरी तसे चार आधीच असतात. त्यापेक्षा गोल मफलर बरा, लोकर निम्मी लागते आणि गळ्यात घालताना गुंता नाही.

बाहुल्या आणि प्राणी मुलांना खेचून आणतात, मुलांमागे आईवडील येतात. पण यांचे तास मोजताना स्वतःला फसवू नका. कान, पाय, शेपूट वेगळे विणून शिवण्यातच एक संध्याकाळ जाते. शिवाय सुरक्षेचे नियम आहेत, त्याबद्दल पुढे सांगते.

बाळाच्या दुलया आणि मोठ्या शाली तयार करून ढीग लावू नका. एक न्या, उत्तम न्या, मागे उंचावर लटकवा आणि शेजारी "ऑर्डरप्रमाणे विणून मिळेल" अशी पाटी ठेवा. माझ्या त्या शालीला शेवटी हीच जागा मिळाली. ती स्वतः अजून माझ्याकडेच आहे, पण तिच्याकडे बघून लोक थांबतात आणि जाताना टोपी घेतात. तिच्यासारखी दुसरी विणायच्या दोन ऑर्डरीही तिच्यामुळे आल्या, ठरवलेल्या किमतीत आणि आगाऊ रक्कम घेऊन.

एकूण प्रकार पाचच्या वर नेऊ नका. १४ प्रकारांचं टेबल घरातलं कपाट उपसल्यासारखं दिसतं, माझं दिसलं होतं. चार प्रकार आणि प्रत्येकात सहा-आठ रंग असले की गिऱ्हाइकापुढचा प्रश्न "काय घेऊ?" इतका मोठा न राहता "कोणता रंग घेऊ?" एवढाच उरतो.

५. लोकर हाताने निवडा, नावाने नको

स्टॉलवर उभं राहून लोकांचे हात बघा, बरंच कळतं. एक बाई मला नेहमी आठवतात. त्यांनी टोपी उचलली, अंगठ्याने काठ ताणून सोडला आणि तो परत जागेवर येतो का ते पाहिलं. मग टोपी उलटी केली आणि आतली टोकं कुठे संपतात ते बोटाने चाचपलं. शेवटी जबड्याखाली, मानेच्या कोवळ्या कातडीवर घासून पाहिली. एक शब्दही न बोलता तीन परीक्षा झाल्या, मग पाकीट बाहेर आलं. त्या दिवसापासून लोकर घेताना मी दुकानातच गुंडा मानेवर घासते. तिथे टोचली तर टेबलावरही टोचणार.

आपण सुयांवर विणायच्या कुठल्याही धाग्याला सरसकट लोकर म्हणतो, ॲक्रिलिकच्या कृत्रिम धाग्यालासुद्धा. घरात चालतं, लेबलावर चालत नाही. ॲक्रिलिकच्या टोपीवर "लोकर" लिहिणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, मग ती नकळत का असेना. धाग्यात काय आहे ते टक्केवारीसह लिहा. मेंढीची लोकर काहींच्या अंगाला सोसत नाही, त्यांना हे कळायलाच हवं.

कशासाठी कोणता धागा, थोडक्यात:

- मेरिनो (या जातीच्या मेंढीची लोकर): मऊ आणि ऊबदार. टोपी, गळ्याच्या वस्तू यांना उत्तम. साधी मेरिनो गरम पाण्यात घुसळली तर आटून नमद्यासारखी घट्ट होते. यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली मिळते, विक्रीसाठी तीच घ्या.
- ॲक्रिलिक: स्वस्त, धुवायला सोपं, मुलांच्या वस्तूंना सोयीचं. गरम इस्त्री लागली की वीण कायमची लोळागोळा होते. हलक्या प्रतीवर लवकर बारीक गोळे धरतात.
- सूत: पुसायचे चौकोन, पिशव्या, कोस्टर. लवचीकपणा कमी असल्यामुळे टोपीचा काठ सैल पडतो, तिथे वापरू नका.
- मोहेर (अंगोरा शेळीच्या केसांचा धागा): दिसायला देखणं, पण गडद कपड्यांवर केस सोडतं, आणि चुकलं तर उसवताना रडवतं.

एका नमुन्याला लागणारी सगळी लोकर एकदम घ्या आणि लेबलावरचा रंगाच्या तुकडीचा (डाय लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा) क्रमांक जुळवून घ्या. त्याच नावाचा रंग वेगळ्या तुकडीत वेगळा निघतो. घरातल्या दिव्याखाली तो फरक दिसत नाही, प्रदर्शनातल्या उजेडात बरोबर दिसतो. जोडीतला एक हातमोजा जरासा फिका निघाला म्हणून माझी एक जोडी घरीच राहिली आहे.

गडद लाल, निळा, काळा यांची रंग सुटण्याची परीक्षा घ्या. धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात गुंडाळून रात्रभर ठेवा. कापडावर डाग आला तर ती लोकर विक्रीला नको.

रंगांच्या बाबतीत माझं ठाम मत आहे: दोन तृतीयांश शांत रंग, म्हणजे करडा, मातकट, गडद निळा, शेवाळी, आणि एक तृतीयांश भडक. मोहरी आणि लाल रंगामुळे माणूस लांबून जवळ येतो. घेऊन मात्र बहुतेकदा करडाच जातो.

६. नमुन्याचे हक्क आणि मुलांची सुरक्षा

हे दोन्ही विषय कंटाळवाणे वाटतात म्हणून शेवटावर ढकलले जातात. मग तीस नग विणून झाल्यावर कळतं की ते विकता येत नाहीत.

दुसऱ्याचा छापील किंवा ऑनलाइन नमुना वापरत असाल, तर त्यातली बारीक अक्षरं वाचा. काही निर्माते तयार वस्तू विकायला मोकळीक देतात, काही आपलं नाव लिहायला सांगतात, काही विक्रीला नाही म्हणतात. नमुना फुकट मिळाला म्हणजे विकायची परवानगी मिळाली असं होत नाही. शंका असेल तर त्यांना लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. साध्या रिबची टोपी, गार्टर विणीचा मफलर अशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गोष्टींना हा प्रश्न येत नाही. सिनेमातली पात्रं, कार्टूनचे चेहरे, खेळाच्या संघांची चिन्हं विणून विकायच्या फंदात पडू नका. हक्क कंपन्यांचे असतात आणि नेमक्या याच वस्तूंची मागणी जास्त असल्यामुळे मोह होतो.

मुलांच्या वस्तूंबाबत मी अजिबात सूट घेत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला बटण, मणी किंवा प्लॅस्टिकचे डोळे लावू नका. "सेफ्टी आय" नावाने मिळणारे डोळेसुद्धा नकोत. विणकामाचे टाके ताणले की ते मागच्या चकतीसकट निघू शकतात. डोळे धाग्याने भरा. टोपड्याला गळ्याशी बांधायच्या लांब दोऱ्या नकोत. बाळाच्या दुलईला मोठ्या भोकांची जाळी नको, बोटं अडकतात. एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपायच्या जागी मऊ खेळणी आणि सैल पांघरुणं ठेवू नयेत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा विणलेली खेळणी विकताना हेही गिऱ्हाइकाला सांगा. विक्री हुकली तरी चालेल.

बऱ्याच देशांत खेळण्यांना तपासणी आणि खूण सक्तीची असते, हाताने केलेल्यांनासुद्धा. तुम्ही जिथे विकणार तिथला नियम आधी माहीत करून घ्या. नियम पाळणं आवाक्याबाहेरचं असेल तर पहिल्या वर्षी खेळणी वगळा.

७. एक नग वापरून पाहा, मगच वीस विणा

प्रत्येक नव्या नमुन्याचे दोन नग करा. एक घरच्या कोणालातरी दोन आठवडे रोज वापरायला द्या, दुसरा तीनदा धुवा. काठ सैल पडला का, गोळे आले का, गोंडा झडला का, टोकं बाहेर डोकावली का, ते पाहा. टोकं तीन दिशांनी फिरवून लपवली तर सहसा बाहेर येत नाहीत. यात नापास झालेला नमुना कितीही आवडता असो, यादीतून काढा.

८. किंमत

लोकर आणि बटणं-लेबलं यांचा खर्च, अधिक तुमचे तास गुणिले तासाचा मोबदला, अधिक स्टॉलच्या भाड्याचा वाटा. ३० नग जातील असा अंदाज असेल तर भाडं आणि प्रवासखर्चाचा तिसावा हिस्सा प्रत्येक नगावर चढवा. हा आकडा आला की प्रदर्शनातल्या तशाच वस्तूंच्या किमतींशी ताडून पाहा. तुमचा आकडा फारच वर जात असेल तर किंमत पाडू नका, वस्तू बदला: जाड लोकर, सोपी वीण, कमी शिवण. तरीही जमत नसेल तर ती वस्तू विक्रीची नाहीच.

सर्वांत मोठा सापळा म्हणजे "लोकरीचे पैसे सुटले तरी पुष्कळ, वेळ काय घरबसल्याच जातो." असं म्हणून पडेल भावात विकणारे स्वतःचं नुकसान करतातच, शेजारच्या टेबलावर पोट भरणाऱ्या बाईंचंही करतात. माझ्या पहिल्या हेअरबँडची किंमत मी लोकरीपुरतीच लावली होती, आणि म्हणूनच ते इतके झटपट संपले हे मला नंतर उमगलं. पुढच्या वेळी किंमत दुप्पट केली. तरीही गेले, फक्त सकाळऐवजी दुपारपर्यंत.

प्रत्येक नगावर किंमत लिहा. विचारायला संकोचणारे लोक खूप असतात, ते न विचारताच पुढे जातात.

९. काय काय जवळ हवं

कागदपत्रं:

- स्टॉल नोंदणीची पावती आणि आयोजकांचे नियम
- ओळखपत्र
- तुमच्या भागात लागत असेल तो विक्रीचा परवाना किंवा कर नोंदणी
- दुसऱ्याच्या नमुन्यावरून विणलेली वस्तू विकायच्या परवानगीची प्रत
- पावतीपुस्तक आणि ऑर्डरवही. ऑर्डर घेताना माप, रंग, तारीख, आगाऊ रक्कम लिहून समोरच्याची सही घ्या

साहित्य:

- आरसा, टोप्या मांडायला स्टँड किंवा उलटे ठेवलेले उंच डबे
- धुण्याच्या सूचना असलेली लेबलं. हाताने धुवा, इस्त्री नको या ठरलेल्या खुणाही छापा
- मापाची टेप, कात्री, जाड शिवणसुई, प्रत्येक रंगाच्या लोकरीचा तुकडा
- सुटे पैसे आणि मोबाईलवरून पैसे घ्यायची सोय
- उघड्यावर असाल तर प्लॅस्टिकचं मोठं आच्छादन, ओली लोकर विकता येत नाही
- सुया आणि एक साधं चालू विणकाम

शेवटची वस्तू विसरू नका. मोबाईल बघत बसलेल्या माणसाच्या टेबलापाशी कोणी थांबत नाही, विणत बसलेल्याच्या टेबलापाशी थांबतात. फक्त अवघड वीण नेऊ नका, बोलताना टाका गळतो.

१०. संध्याकाळी, सामान बांधण्याआधी

थकवा आलेला असतो, तरी तिथेच दहा मिनिटं बसून वहीत लिहा: काय गेलं, कोणत्या रंगात, साधारण किती वाजता. मग आणखी दोन रकाने. एकात, जे लोकांनी हातात घेतलं आणि परत ठेवलं. दुसऱ्यात, जे मागितलं आणि तुमच्याकडे नव्हतं. पुढच्या प्रदर्शनाची यादी मी या दुसऱ्या रकान्यातूनच करते. पुरुषांसाठी गडद, गोंडा नसलेली टोपी हवी, हे मला तिथूनच कळलं. पाच जणांनी विचारलं होतं आणि माझ्याकडे एकही नव्हती.

उरलेला माल तसाच पिशवीत कोंबू नका. दिवसभर शंभर हात लागलेले असतात. जे मळलं असेल ते धुऊन पूर्ण वाळवा. खऱ्या लोकरीला कसर लागते, आणि ती स्वच्छ लोकरीपेक्षा घामट, मळक्या लोकरीवर आधी येते. घट्ट बंद होणाऱ्या पिशव्यांत भरा. कसरीचा संशय असेल तर पिशवीसकट दोन आठवडे उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर आतल्या मालावर पाणी धरतं. प्रत्येक पिशवीवर आतले नग आणि रंग लिहून चिठ्ठी चिकटवा. पुढच्या प्रदर्शनाआधी नवे टाके घालण्यापूर्वी त्या चिठ्ठ्या वाचा.